आमची ही

अहो, ते कराराचे कागद राहू द्या बाजूला, आधी सूप संपवा. सही काय, दोन मिनिटांचं काम. सूप एकदा गार झालं की झालं — कसं झालंय? छान? छान म्हणालात ना? बरं. मग घ्या अजून, लाजू नका, भांडंभर केलंय, मी एकटी कुठे एवढं पिते. पाव त्या फडक्याखाली आहे. आणि खुर्ची जरा सांभाळून हं, मागचा पाय डुगडुगतो तिचा — ह्यांचीच खुर्ची ती. ह्याच टेबलावर, ह्याच खुर्चीत बसून लिहायचे. एकोणीस वर्षं, दर रविवारी संध्याकाळी. फोटो? काढा ना. टेबलाचा काढा, खुर्चीचा काढा, तो चष्मा आहे फळीवर, तो हवा तर टेबलावर मांडून काढा, लोकांना आवडतं तसलं. माझा नको. माझा कशाला? पुस्तक निघतंय ते त्यांचं, पेपरातलं सदर त्यांचं. ‘गावातल्या गावात’. नाव तरी किती साधं बघा — आपल्याच शहरात फिरायचं, खायचं, कुठल्या तरी बाकावर बसायचं आणि घरी येऊन लिहायचं. एवढंच. आणि एवढ्यावर माणूस रस्त्याने चालला की दुकानदार पायऱ्या उतरून खाली यायचे. रविवारवाले साहेब आले, रविवारवाले साहेब आले.

चाळीस लेख निवडलेत म्हणता? चांगलं केलंत. सगळे कोण वाचणार. आणि पहिला कुठला घेतलाय? — पुलाखालचा. बरं. नाही, काही नाही, सहज विचारलं. पाव घ्या ना, कोरडं कशाला पिताय.

आणि हे फिरवण्याचं काय म्हणत होतात मघाशी? पुस्तक निघेल त्या दिवशी पन्नास माणसांना घेऊन चालत जायचं — ज्या ज्या जागांवर ह्यांनी लिहिलं तिथे तिथे, खायचं, बसायचं, आपलंच शहर नव्याने बघायचं. कल्पना चांगली आहे हो. मी हसले त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण मला सांगा, जाणार कुठे? तळ्याकाठी मासे तळणारे दोघे भाऊ होते, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तळ्याला चहूबाजूंनी सिमेंटचा काठ केलाय, आत जायला तिकीट, आणि बोटी उलट्या घालून ठेवल्यात साखळीला बांधून. टपाल कचेरीच्या मागे दगडी बाक होता, ज्यावर ह्यांनी एक अख्खा लेख लिहिला, नुसत्या बाकावर, त्याच्यावर आता जनरेटर बसवलाय. बाकावर म्हणजे बाकाच्या जागेवर, तुम्हाला कळलं. न्यायालयासमोरचा चहावाला आहे अजून, नाही असं नाही, पण म्हातारा गेला आणि मुलगा तयार पूड पाण्यात ढवळून देतो. मग पन्नास माणसं काय बघणार? इथे मासे होते, इथे बाक होता, पुढे चला. तुम्ही स्वतः गेलाय का हो ह्यातल्या एका तरी जागी? खरं सांगा. नाही ना? वाचलंय. हां. वाचलं की गेल्यासारखं वाटायचं, ती ह्यांची हातोटी होती, ते मी कधीच नाकारणार नाही. वाक्य करावं तर ह्यांनी.

मी? मी पुढे चालायचं? सगळ्यांच्या पुढे? अहो, काहीतरीच काय — उकडलेला बटाटा पुढे आणि पन्नास माणसं मागे! का, तुम्ही वाचलंय ना सगळं? मग ‘आमची ही’ वाचली असेलच. प्रत्येक तीन लेखांमागे एकदा यायची ती. ‘आमच्या हिला काय, उकडलेला बटाटा मिठाला लावून दिला तरी हिचा रविवार साजरा होतो.’ ‘मी तिसऱ्या घासाला डोळे मिटले, आमची ही मात्र शेजारच्या टेबलावरच्या बाईंची साडी बघत होती.’ लोक काय हसायचे! लग्नाकार्यात बायका माझ्या ताटात वाकून बघायच्या, अगं हिला बटाटा वाढा, बटाटा वाढा. एकीने तर मला वाढदिवसाला पाटीभर बटाटे पाठवले होते, रेशमी फीत बांधून. आणि मी पण हसायचे. हसायचंच ना, दुसरं काय करणार. माझी स्वतःची मुलगी — ती दूर असते, तीन विमानं बदलून येते — ती आली की चहाचा घोट घेते आणि म्हणते, आई, तुला बाबांसारखी जीभ नाही गं. प्रेमाने म्हणते. तिच्या बाबांसारखी जीभ.

एक विचारू का? त्या सूपमध्ये मीठ किती आहे, सांगा बरं. बेताचं? बेताचं म्हणता. नाही, मिळमिळीत बोलू नका, कमी की जास्त? — बरोबर आहे. बघा, ‘बरोबर आहे’ म्हणालात. अहो, मीठ नाहीच आहे त्यात. चिमूटभरसुद्धा नाही. मी मुद्दामच घातलं नाही. तुम्ही फोनवर म्हणालात ना, मी तुमच्या यजमानांच्या लेखांवर वाढलो, त्यांनी मला खायला शिकवलं — म्हटलं बघूया तरी काय शिकवलंय. दीड वाटी गेली पोटात आणि छान म्हणताय. आता चेहरा पाडू नका, सज्जन माणूस आहात, म्हाताऱ्या बाईचं मन मोडू नये म्हणून बोललात. पण मग चवीचं पुस्तक कशाला काढता? ज्या माणसाला नाकच नव्हतं त्याला देखील हे पहिल्या चमच्याला कळलं असतं.

— गेलं ना तोंडातून. जाऊ दे. कधीतरी जाणारच होतं, आणि आता कोणाचं काय बिघडणार आहे. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन.

नाक नव्हतं ह्यांना. म्हणजे होतं, चांगलं सरळ होतं, फोटोत बघा ना, पण वास येत नव्हता. सदर सुरू होऊन पाचसहा महिने झाले होते. एका सकाळी कामावर जाताना सायकलवरून पडले, उतारावर, डोक्याची मागची बाजू दगडावर. बारा दिवस दवाखाना. घरी आणलं, मी चहा करून दिला, आलं घालून, तर एक घोट घेतला आणि म्हणाले, गरम गोड पाणी का दिलंस? मला वाटलं चेष्टा करतायत. मग दुसऱ्या घोटाला त्यांचा चेहरा बघितला — चेष्टा नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्यातली शीर तुटलीय, वास परत येईल किंवा नाही येणार. नाही आला. आंबट, गोड, खारट, कडू एवढं तेवढं कळायचं, बाकी सगळा भुसा. मासा आणि कोबी सारखेच. आणि बाहेर सदर चाललेलं, पत्रं येतायत, संपादक नवीन नवीन जागा सुचवतायत. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्यांच्या चुका तपासत बसलेला, मुद्रितं वाचत, कुठे ह्यांचं नाव छापून आलं नाही, आणि चाळिशीला येऊन कुठे स्वतःचं नाव ठळक अक्षरांत छापून यायला लागलं होतं. रडले हो. ह्याच खुर्चीत. मी पाहिलं, आणि मीच म्हटलं — हे लक्षात घ्या, मीच म्हटलं, त्यांनी विचारलं नाही — मी खाते आणि तुम्हाला सांगते. तुम्ही लिहा.

सोपं नव्हतं ते. तुम्हाला वाटेल त्यात काय, ‘छान होतं’ सांगायचं. ह्यांना ‘छान’ म्हटलेलं खपायचं नाही, पेन खाली ठेवायचे. कसं छान? कशासारखं? आणि मी सांगायचे ते त्यांना आठवायला हवं, कारण त्यांच्याकडे चवी होत्या त्या सगळ्या पडायच्या आधीच्या, जुन्या, त्यातलीच एखादी शोधून तिच्याशी जोडून द्यायची. मग मी म्हणायचे, लहानपणी पाटी चाटायचात ना ओली, तसा वास आहे त्या शिंपल्यांना. आंबट आहे, पण रागावलेलं आंबट नाही. हे त्यांना कळायचं. टेबलावर काही बोलायचं नाही, लोक बघतात. आधी ताट त्यांच्यासमोर, दोन घास ते खाणार, डोळे मिटून, मग हळूच ताटांची अदलाबदल, मी खाणार, आणि परतताना बसमध्ये मागच्या सीटवर सगळं सांगायचं. तळ्यावर गेलो तर ओल्या लाकडाचा वास, बागेत गेलो तर कुठल्या गुलाबाला वास आहे आणि कुठला नुसता दिसायला. संध्याकाळी इथे बसून मी पुन्हा एकदा सांगायचे आणि ते लिहायचे. ‘रागावलेलं आंबट नाही’ ह्या तीन शब्दांवर सत्तावीस पत्रं आली होती त्या आठवड्यात. एका बाईने लिहिलं होतं, तुमच्या जिभेला नमस्कार. ह्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं ते पत्र. आणि मग फाइलला लावलं.

आणि पथ्य माझं. शनिवारपासून कांदा नाही, लसूण नाही. रविवारी सकाळी नुसतं पाणी. आणि वासाचं काही नाही, आठवडाभर नाही — साबण बिनवासाचा, पावडर बंद, डोक्याला तेल नाही, केसात फूल नाही. का, तर नाक बिघडेल. एकोणीस वर्षं! माझ्या बहिणी म्हणायच्या, ही किती रूक्ष राहते, एक गजरा माळत नाही. आणि ह्यांनी त्याच्यावरही लिहिलं हो एकदा, ‘आमच्या हिला सुगंधाचं वावडं आहे.’ मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणाले, अगं, तुझा संशय यायला नको कुणाला. म्हणजे मला जितकं बटाटा करतील तितकं गुपित सुरक्षित. बरोबरच होतं ते, हिशेबी माणूस. ते गेल्यावर मी बाजारातून वासाचं तेल आणलं, छोटी बाटली, आणि रात्रभर डोकं धरून बसले, इतकं दुखलं. सवयच गेली होती.

पण तुम्ही आता बिचारी बिचारी अशा नजरेने बघू नका माझ्याकडे. ते खपवून घेणार नाही मी. मला आवडायचं! तुम्हाला काय माहीत, सोमवारपासून मी रविवारची वाट बघायचे. ह्या स्वयंपाकघरातून बाहेर पडून, चपला घालून, दोन बस बदलून कुठल्या तरी गल्लीत जायचं, आणि कुणा अनोळखी माणसाने काय शिजवलंय ते जिभेवर घेऊन त्याची सगळी उलटतपासणी करायची — ह्याने लोणी जाळलं, ह्याने घाई केली, ह्याचा कशावर तरी जीव आहे. शहरात एवढ्या बायका होत्या, कुणाला होतं असं काम? नाव नव्हतं, ठीक आहे. काम तर होतं. ते सदर थांबलं असतं तर मी पुन्हा ह्या ओट्याशी. म्हणून म्हणते, ते गुपित त्यांचं होतं तेवढंच माझंही होतं. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

हो, पुढचं. पुलाखालचंच. तुम्ही पहिला घेतलाय तो. का घेतलाय? सगळ्यात विनोदी आहे म्हणून? आहेच. लोक पाठ म्हणायचे त्यातली वाक्यं. ‘ह्या सूपमध्ये घेवडा पोहत नाही, तो बुडून गेलेला आहे आणि शोधकार्य सुरू आहे.’ हसा, हसा, मी पण हसले होते.

रेल्वेच्या पुलाखाली, कमानीत, पाच टेबलं होती. सायकल दुरुस्तीवाल्याच्या शेजारी. एकच बाई चालवायची, माझ्याहून थोडी मोठी असेल, बाह्या कोपरापर्यंत वर दुमडलेल्या, हातावर भाजल्याच्या खुणाच खुणा. एक भांडं, एकच पदार्थ. घेवड्याच्या दाण्यांचं सूप आणि पाव, हवं तर खा नाहीतर जा. आम्ही बसलो. तिने ह्यांना ओळखलं, सगळेच ओळखायचे, आजूबाजूची हमाल मंडळी कुजबुजायला लागली. आणि ती वाटी घेऊन आली — आणि माझ्यासमोर ठेवली. आधी माझ्यासमोर. ह्यांनी नेहमीसारखी हसून आपल्याकडे ओढली, तर तिने त्यांच्या हाताखालून काढून परत माझ्यासमोर ठेवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, साहेब लिहितात, पण खातात बाई. तीनदा बघितलंय मी तुम्हाला, तळ्यावर, बाजारात, त्या स्टेशनाजवळच्या खानावळीत. बाई घास घेतात तेव्हा थांबतात. साहेब नुसते डोळे मिटतात.

काय झालं असेल मला! अहो, मी चमचा उचलला. खाल्लं. आणि ती तिथेच उभी, कमरेवर हात, जाईना. मग आत गेली आणि दुसरी वाटी घेऊन आली, म्हणाली, आता हे सांगा बाई, ह्यातलं आजचं कुठलं आणि कालचं कुठलं? मी म्हटलं, हे दुसरं कालचं आहे. आणि आज तापवताना तुम्ही त्यात पाणी वाढवलं नाहीत, गाजर किसून घातलंत, नाहीतर करपल्याचा वास लपला नसता. तळाला लागलं होतं ना काल? तिने पदराला हात पुसले आणि समोरच्या बाकावर बसली. म्हणाली, बावीस वर्षं शिजवतेय, कुणी ओळखलं नव्हतं. आणि मग आम्ही दोघी बोलत बसलो — घेवडा किती वेळ भिजवायचा, मीठ कधी घालायचं, शेवटी की आधी. दहा मिनिटं असतील. ह्यांच्याकडे मी बघितलंच नाही. खोटं कशाला बोलू, त्या दहा मिनिटांत हे आहेत हेच मी विसरले होते. आणि सूप? सूप म्हणजे — एकोणीस वर्षांत तसं मी खाल्लं नाही, इतकंच सांगते.

बसमध्ये मागची सीट रिकामी होती, तरी हे पुढे जाऊन बसले. घरी आलो, कागद घेतला, पेन उघडलं. राखेसारखा चेहरा झाला होता. म्हणाले, तिने सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. उद्या कुणी पेपरच्या कचेरीत जाऊन सांगितलं तर संपलं. बस, एवढंच. ओरडले नाहीत, काही नाही. आणि मग नेहमीसारखं पेन उचललं आणि विचारलं, सांग, कसं होतं?

आता मी तुम्हाला सांगू शकते की त्यांनी मला तसं बोलायला लावलं. कुणीही विश्वास ठेवेल. मुलगीसुद्धा ठेवेल. पण नाही लावलं. ते म्हणाले असते ना, वाईट सांग, तर मी उठून गेले असते, स्वतःला ओळखते मी. त्यांनी नुसतं विचारलं. आणि मी म्हटलं, पाणचट. दाणे कच्चे. तेलाला जुना वास. ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणाले, खरं? मी म्हटलं, खरं. पुन्हा विचारलं, अगं, पण तू तर दुसरी वाटी — मी म्हटलं, दुसरी तर कालची होती, आंबलेली. शिळं वाढते ती. लिहा.

लिहिलं त्यांनी. एका बैठकीत. इतकं छान कधी लिहिलं नव्हतं, रागात होते ना. आणि माझ्या डोक्यात काय होतं सांगू? की एकदा ती बाई खोटी पडली, शिळं वाढणारी ठरली, की ती काय बोलली त्याला कोण विचारतंय. रविवार वाचले. माझे रविवार. त्याच्यानंतर अकरा वर्षं चाललं सदर. अकरा वर्षं खाल्लं मी.

लोक मुद्दाम जायला लागले हो तिथे, खायला नाही, हसायला. शोधकार्य कुठवर आलं, असं विचारायचे तिला. मग तेही यायचे थांबले. दोनेक महिन्यांनी मी एकटी गेले, मंगळवार होता, ह्यांना न सांगता. काय करायला गेले होते ते विचारू नका, मलाही माहीत नाही. टेबलं नव्हती. तीन काळ्या विटा होत्या आणि भिंतीला धुराचा डाग. सायकलवाल्याला विचारलं, तर तो चाक फिरवत फिरवत म्हणाला, गेली सगळं गुंडाळून. वाचता येत नव्हतं तिला, मीच वाचून दाखवलं पेपरातलं. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, ती शेवटपर्यंत ऐकायला तयार नव्हती, सगळ्यांना तेच सांगत होती — साहेबांना काय कळतंय, त्या बाईंना विचारा. बाईंना आवडलं होतं.

बाईंना विचारा म्हणे.

अख्ख्या शहरात एकाच माणसाने मला बघितलं होतं. एकाच. आणि तिला मी — असू दे. पाणी हवंय का तुम्हाला? घड्याळाकडे नका बघू, झालंच आहे माझं.

द्या ते कागद. कुठे करायची सही, इथे? करते. चाळिसातले एकोणचाळीस लेख ह्यांच्याच नावावर राहू द्या, मला त्यातला एक नको, आम्ही दोघांनी केलेत ते, आणि चव खरी आहे त्यातली. पण पुलाखालचा जो आहे, त्याच्याखाली माझं नाव घाला. माझं, पूर्ण. ‘आमची ही’ नाही. ह्यांचा काय संबंध त्याच्याशी? ते नुसते लिहून घेत होते, त्यांना तर खरंच वाटलं होतं ते. एकोणीस वर्षांत तेवढी एकच गोष्ट मी एकटीने केली आहे.

नाही जमणार? का बरं? — वाचकांचा गोंधळ होईल. हं. मग काय करू म्हणता? तो लेखच काढून टाकता? अजिबात नाही. तो काढायचा नाही. तो काढला तर ती बाई कुठेच उरत नाही, तिच्याबद्दल दुसरं कुणी काही लिहिलंय का? कमान तर रेल्वेच्या लोकांनी भिंत घालून बुजवली. छापा, पहिलाच छापा, आणि खाली माझं नाव. आणि त्या दिवशी फिरवायचं असेल ना पन्नास माणसांना, तर मी येईन, पुढे चालेन, आणि पहिल्यांदा त्या भिंतीसमोर नेऊन उभं करीन सगळ्यांना. बाईंना विचारा म्हणत होती ना ती? विचारू देत मला.

वरिष्ठांना विचारावं लागेल. विचारा की. सावकाश विचारा. तोवर हे उचला सगळं, ही सही नाही केलेली, घ्या. पेनही तुमचंच आहे. नाही, ती वाटी राहू द्या, मी धुते. पाय जपून, उंबरा उंच आहे. आणि अहो — भांड्यात बरंच उरलंय, डब्यात भरून देऊ का? नको? का हो? मघाशी तर छान म्हणालात.

दार ओढून घ्या जाताना.